शेंडेफळाची दोरी

मित्रांनो, खुंटीवर लोंबकळते आहे म्हणून मला टाकाऊ समजू नका. मी दोरी आहे. जुनी आहे, मधोमध एक गाठ आहे, आणि एका टोकाला माझे तंतू पिंजून म्हाताऱ्याच्या दाढीसारखे झाले आहेत. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्यासारखीकडे पाहूनच कुणीतरी म्हटलं असणार. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे काही शिकले ते एका बाईच्या मुठीत राहून शिकले, आणि तिची जीभही मला तिथूनच लागली. तेव्हा माझं बोलणं कानाला टोचलं तर कान चोळा आणि पुढं ऐका.

मी तागाची. ताग म्हटलं की लोकांना पोतं आठवतं. आठवू दे. मला पाण्यात कुजवलं, दगडावर बडवलं, उन्हात वाळवलं, लोखंडी दातांच्या फणीनं विंचरलं. मग दोर वळणाऱ्यानं माझे तीन पदर एकमेकांवर पिळून मला वळलं आणि ताणून पाहिलं. बायकोला म्हणाला, "ही कुणी फास घ्यायला नेली तरी दगा देणार नाही." त्याच्या धंद्यात याला कौतुक म्हणतात.

मला विकत घ्यायला थोरली आली. सगळे तिला थोरली म्हणत, तोंडावर थोरल्या बाई. तिचा घोड्यांचा तबेला होता. बेकरीचे गाडे ओढणारे घोडे तिच्याकडेच वाढत, तिच्याकडेच शिकत. तिनं डोळे मिटून एकेक दोरी तळहातातून ओढून पाहिली. "ही खरखरीत. ही मेलेली. ही नुसतीच जाड, माझ्या नणंदेसारखी." माझ्यावर आली तेव्हा थांबली. "ही ऐकते," म्हणाली, आणि मला खांद्यावर टाकून निघाली.

पुढं माझं एक टोक शिंगरांच्या हनुवटीखाली असे, तोंडावर बसवलेल्या चामड्याच्या मोहरकीला बांधलेलं, आणि दुसरं तिच्या मुठीत. दोन्हीकडचा जीव मला कळे. घोडा बिचकण्याआधी त्याच्या मानेतून एक शहारा येतो, तो आधी माझ्यातून जातो. आणि माणूस चिडण्याआधी त्याची बोटं गार पडतात, तेही मला आधी कळतं.

थोरलीची शिकवण साधी होती. घोड्यानं माणसाच्या खांद्याशी चालायचं, पुढं घुसायचं नाही. थांब म्हटलं की थांबायचं. पाय मागितला की पाय द्यायचा, तोंड मात्र हाताला लावायचं नाही. ती मला हलकेच ताणून धरी. शिंगरू हिसके देई, मान वर करी, रुसे, फुरफुरे. थोरली ढिम्म. मग कधीतरी ते कंटाळून नखभर मान खाली घाली, आणि त्याच क्षणी ती मला सोडून देई. मी फरशीवर पडे, टप. शिंगराला तो आवाज म्हणजे बक्षीस. "शिकवण ओढण्यात नसते गं," ती बेकरीच्या गाड्यांवरच्या बायकांना सांगे, "ओढतं कुणीही. सोडायला अक्कल लागते."

तिच्या हाताखालून गेलेला घोडा गर्दीच्या रस्त्यात पोराच्या हातातही गप्प उभा राही. लोक विचारीत, कुणाचा घोडा? बेकरीवाला सांगे, थोरल्या बाईंचा. मी तेव्हा त्याच्या गळ्यात नसले तरी ऐकून फुगत असे. का फुगू नये?

आता त्या घराचं सांगते. थोरलीला एकच मुलगा. तो गाडे जुंपे, बेकरीवर नेई, सगळ्यांशी हसून बोले आणि कुणाशीच भांडत नसे. असली माणसं घरात असली की भांडण दुसऱ्यांना करावं लागतं. त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा बोलकी होती. मग एका हिवाळ्यात तिचं पहिलं मूल जन्मलं आणि लगेच गेलं. ती गप्प झाली. ओट्याशी उभी राही, पाणी उकळून उकळून संपून जाई, तिला कळत नसे.

त्याच हिवाळ्यात तबेल्यातली तांबडी घोडी व्याली आणि व्यायल्यावर उठलीच नाही. मागं शिंगरू राहिलं. ओलं, लांबलचक पायांचं, स्वतःच्याच पायात अडकणारं. सुनेनं ते पदराखाली धरून स्वयंपाकघरात आणलं, चुलीजवळ पोत्यावर ठेवलं आणि बाटलीनं दूध पाजायला लागली. थोरली म्हणाली, "तबेल्याचं शेंडेफळ आलं म्हणायचं." नाव तेच पडलं. सून त्याला शेंड्या म्हणे.

त्या तबेल्यात एक रीत होती. शिंगरू आपल्या पायांनी उंबरा ओलांडून बाहेर पडलं की त्याच दिवशी थोरलीनं त्याला मोहरकी चढवून मला बांधायचं. उद्यावर नाही. शेंडेफळ उंबरा ओलांडून आलं, थोरली मला घेऊन आली, आणि सून दारात आडवी उभी राहिली.

"त्याला दोरी लावायची नाही. त्याला आई नाही."

"आई नाही म्हणून तर लावायची. आई असती तर तिनंच दोन लाथा घालून रीत शिकवली असती. घोडीला लाड परवडत नाहीत, सूनबाई."

"मी आहे त्याला."

मित्रांनो, थोरलीच्या बोटांत मी होते. ती बोटं गार पडली. पुढं काय येणार ते मला कळलं, पण दोरीला बोलता कुठं येतं.

"तू?" थोरली म्हणाली. "माणसाचं पोर राखता आलं नाही, आता घोड्याचं मांडीवर घेतेस?"

मुलगा तिथंच गाड्याचं चाक पुसत होता. तो पुसतच राहिला.

सून शिंगराला घेऊन आत गेली, आणि त्या दिवसापासून सासूशी बोलणं बंद. थोरलीला बोलून झाल्यावर चटका बसला असेल, नसेल. पण ती झुकणारी नव्हती. "मला हात धरून बोलवल्याशिवाय मी त्या शिंगराला बोट लावणार नाही," ती भिंतीला म्हणाली आणि मला खुंटीवर टांगून मोकळी झाली. दोघींच्या ताठ्यात माझं काम थांबलं. मी खुंटीवर धूळ खात राहिले आणि समोरच्या अंगणात काय चाललंय ते बघत राहिले.

शेंडेफळ लबाड होतं. एकदा सून बाटली घेऊन बसली होती, तर त्यानं मागचे पाय टेकून पुढचे दोन्ही खूर तिच्या खांद्यावर ठेवले. गळ्यात पडल्यासारखे. सून हसली. त्या घरात कित्येक महिन्यांनी ती हसली होती. मुलाला इतका आनंद झाला की त्यानं टाळ्या पिटल्या. शिंगराला वाटलं, हेच करायचं असतं. दुसऱ्या दिवशी मुलानं टाळी वाजवली आणि म्हणाला, "हं, गळाभेट!" ते पुन्हा उठलं. मग तोच खेळ झाला. येईल जाईल त्याला दाखवायचा. टाळी, गळाभेट, हशा. बायको हसते म्हणून नवरा टाळ्या वाजवी, नवरा बोलतो म्हणून बायको हसे, आणि शेंडेफळाला दोघंही आपलीच वाटत.

नाल ठोकायला नालबंद येई. तोंडाचा फाटका माणूस. त्यानं खेळ पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, छान आहे. आज खांद्यावर ठेवतोय. मोठा झाला की कुठं ठेवणार? टाळूवर?"

"तो तसा नाही," सून म्हणाली.

"तो तसा नाही, वहिनी, तो घोडा आहे."

थोरली पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊ दे रे. ज्याचं त्याला कळतं. आम्ही अडाणी." आणि आत निघून गेली. तिच्या एका शब्दानं ते थांबलं असतं. तो शब्द तिनं तोंडातच चावून खाल्ला.

शिंगरू वाढतं तेव्हा ते वाढतंय हे रोज पाहणाऱ्याला कळत नाही. सुनेच्या कमरेएवढं होतं ते खांद्याएवढं झालं, मग डोक्यावर गेलं. छाती भरली, खूर रुंद झाले. गळाभेटीला आता कुणी त्याला बोलवत नव्हतं. विसरले होते सगळे. तोच तेवढा विसरला नव्हता.

पावसाची सर येऊन गेलेली सकाळ. फरशी ओली होती. सून बादली घेऊन अंगणात आली. शेंडेफळ मोकळा उभा होता. पलीकडं मुलानं कडब्याची पेंढी गाड्यात टाकली आणि हाताला लागलेला भुसा झटकला. दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून. टाळीसारखे.

शेंडेफळाचे कान उभे राहिले. तो धावत सुनेकडे आला, मागच्या पायांवर उठला आणि त्यानं आपले दोन्ही खूर तिच्या खांद्यांवर ठेवले.

प्रेमानंच ठेवले, मित्रांनो. ओझं मात्र पूर्ण घोड्याचं होतं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, ती मागं पडली, आणि हौदाच्या दगडी कडेवर मांडी आपटून तेही हाड गेलं. पडल्या पडल्या ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "त्याला मारू नका."

पण नवऱ्याच्या हातात फावडं आलं होतं. त्यानं दांड्यानं शेंडेफळाला तोंडावर, पायांवर, पोटावर, जिथं लागेल तिथं बडवलं. आणि काय झालं सांगू? मार चुकवताना शेंडेफळ त्याच्यापुढंही मागच्या पायांवर उठला. त्याला वाटलं असेल, गळाभेट दिली की हे हसतील. पूर्वी हसत.

थोरली पायरीवर उभी होती. तिनं टाळी पाहिली होती. मुलाला ठाऊक होतं की त्याच्या हातांनी काय केलं, आणि थोरलीलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे.

सुनेला हाडवैद्यानं फळ्या बांधून अंगणाच्या खिडकीखाली खाटेवर निजवलं. मुलगा म्हणाला, "जनावरं न्यायला हाडांच्या कारखान्याचा गाडा येतो त्यात घालतो त्याला. माणूस मारायला उठलेला घोडा ठेवू नये."

"माझ्या तबेल्यातून अडाणी घोडा हाडं व्हायला जात नाही," थोरली म्हणाली. "लोक म्हणतील, म्हातारीचा हात गेला. नालबंद येईल तेव्हा हा चारी पाय देऊन उभा राहिला तर राहील. नाहीतर गाडा आहेच." आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. कुणी हात धरून बोलावलं नव्हतं. बोलावणारी हाडं मोडून पडली होती.

किती दिवसांनी मी तिच्या मुठीत आले. पण मूठ माझ्या ओळखीची नव्हती. बोटं पहिल्यापासून शेवटपर्यंत गारच राहिली.

भिंतीत खाली एक लोखंडी कडी होती. तिनं मला मोहरकीला बांधलं, कडीतून ओवलं आणि टोक आपल्या हातात धरलं. मग मुलाला समोर उभं केलं. "वाजव टाळी."

"आई..."

"तुझ्या हातांनी सुरू झालं ना? तुझ्याच हातांनी संपव. वाजव."

त्यानं टाळी वाजवली. शेंडेफळ बिचारा मुका मार खाल्लेला, सुजलेल्या तोंडाचा, तरी उठला. थोरलीनं हिसका दिला. मी कडीतून सरकन गेले आणि त्याची हनुवटी खाली, कडीपर्यंत आली. तो ओढत राहिला, कडी खणखणत राहिली. मग त्यानं मान दिली. अगदी पूर्ण दिली, एरवी शिंगरं देतात त्याच्या दसपट. कडी गप्प झाली. आता ती मला सोडणार म्हणून मी अंग सैल केलं.

तिनं सोडलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं सोडलं नाही. शेंडेफळ वाकून उभा, गुडघे थरथरताहेत, नाकपुडीतून वाफ फरशीवर, आणि ती मला ताणून धरून उभी. मग पुन्हा टाळी. पुन्हा हिसका. त्याच्या हनुवटीखालचे केस गेले, मग कातडी गेली. माझ्या तंतूंत लाळ आणि रक्त मुरलं. एका हिसक्याला माझे पदर मधोमध तुटले. एरवी तुटकी दोरी ती हातात घेत नसे. त्या दिवशी तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "वाजव."

खिडकीतून सुनेला अंगण दिसत नव्हतं. पण या घरात नांदलेल्या बाईला कान होते. तिचा आवाज आला. सासूशी ती इतक्या काळानं पहिल्यांदा बोलत होती.

"आई, कडी थांबली. दोरी पडली नाही. सोडा."

थोरलीनं मान वळवली नाही. "आता आठवली आई. दारात आडवी उभी राहिलीस तेव्हा मी कोण होते?"

"चुकलं माझं. त्याला सोडा."

"तुझं चुकलं ते तो फेडतोय. तू नीज."

मित्रांनो, मी माफी मागत नाही. दोरीला कान असतात, हात नसतात. मला ओढलं तिकडं मी गेले. पण एवढं सांगते, त्या मुठीतून जे माझ्यात येत होतं तो सगळा राग घोड्यावरचा नव्हता. त्यातला बराचसा त्या शब्दावरचा होता, जो तिनं पायरीवर बसून गिळला होता. घोड्याला ते कसं कळणार? त्याला एवढंच कळलं की टाळी झाली की दुखतं, मान दिली तरी दुखतं, आणि माणसाजवळ गेलं की दुखतंच.

मग तो टाळीला उठेनासा झाला. नुसती मान खाली घालू लागला. मग टाळी वाजायच्या आधीच घालू लागला.

नालबंद आला. शेंडेफळानं एक पाय दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, चौथा दिला. माशी नाकावर बसली तरी हलला नाही. नालबंद खिळे ठोकून उठला, कंबर ताठ केली आणि म्हणाला, "थोरल्या बाई, घोडा आहे की खांब? असा शहाणा घोडा मी पाहिला नाही."

"आमच्याकडे असेच असतात," थोरली म्हणाली.

कारखान्याचा गाडा दारावरून रिकामा गेला. शेंडेफळ जगला. बेकरीच्या गाड्याला लागला, गर्दीत निमूट उभा राहू लागला, आणि रस्त्यावरच्या लोकांनी पुन्हा विचारलं, कुणाचा घोडा?

सून कुबडी घेऊन उभी राहिली तेव्हा हिवाळा पुन्हा आला होता. ती पाय ओढत अंगणात आली. शेंडेफळ कडीला बांधलेला होता. तिनं कडीला बांधलेलं माझं टोक सोडवलं आणि मला खाली टाकलं. मी फरशीवर पडले, टप. ज्या आवाजाला या तबेल्यातलं प्रत्येक शिंगरू मान झटकून मोकळं व्हायचं, तो आवाज.

तो हलला नाही.

"शेंड्या," ती म्हणाली. कान किंचित वळला, तेवढाच. तिनं आपल्या बऱ्या खांद्यावर थोपटलं. पूर्वी थोपटायची तसं. तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या हातांकडं बघत होता. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं कुबडी काखेत दाबून धरली आणि दोन्ही तळहात हलकेच एकमेकांवर टेकवले. आवाजसुद्धा झाला नाही.

शेंडेफळ बाजूला सरला, भिंतीला अंग लागेपर्यंत सरला, आणि त्यानं आपलं तोंड खाली नेऊन त्या लोखंडी कडीला टेकवलं. कुणी ओढत नव्हतं. मी तर फरशीवर पडले होते.

सून पायरीवर बसलेल्या सासूकडं वळली. "शहाणा केलात."

"जिवंत ठेवला," थोरली म्हणाली.

दोन्ही खरं होतं.

त्यानंतर तबेल्यात दुसरं शिंगरू जन्मलं, ते उंबरा ओलांडून आलं त्याच दिवशी सुनेनं मला खुंटीवरून काढलं. सासूला विचारलं नाही. थोरलीची बोटं तोवर आखडली होती, पेलाही धरवत नव्हता. ती खुर्चीत बसून नुसती बघत होती. सुनेनं मला हलकं ताणलं, शिंगरानं हिसके दिले, रुसलं, फुरफुरलं, आणि शेवटी नखभर मान खाली केली.

"सोड," थोरली खुर्चीतून म्हणाली.

"सोडलीय," सून म्हणाली. मी केव्हाच फरशीवर पडले होते. थोरलीनं त्या दिवशी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

आता माझ्या जागी नायलॉनची पट्टी आली आहे. निळी. धुतली की नवी दिसते, आणि तिला काही लक्षात राहत नाही. मला खुंटीवर ठेवलंय ते फेकायला कुणाचा हात होत नाही म्हणून. माझी गाठ कुणी सोडू शकलेलं नाही, ती आता दगडासारखी झाली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी शिंगरू नसेल. कुत्र्याचं पिल्लू असेल, मांजर असेल, धाकटं भावंड असेल. त्याला काय करू द्यायचं आणि काय नाही, ते पहिल्या दिवशी ठरवा, हलक्या हातानं सांगा, आणि त्यानं ऐकलं की लगेच सोडा. ज्या गोष्टीला आज टाळ्या पिटता, तिच्यासाठी उद्या त्याला मारू नका. त्याला आज आणि उद्यातला फरक कुणी सांगितलेला नसतो.

आणि कधी आमच्या तबेल्याकडं आलात, तर एक तांबडा म्हातारा घोडा भिंतीशी उभा दिसेल. त्याचं वागणं बघण्यासारखं आहे, सगळे म्हणतात. खुशाल बघा. फक्त हाताला लागलेली धूळ तिथं झटकू नका. विजारीला पुसा.